ससाणीची तीन अंडी

पणजीहून आल्यापासून वाड्यावरचे लोक एकच विचारतात, कपाळाला टाके कसले. एकेकाला सांगून तोंड दुखलं. म्हणून लिहून काढतो. ज्याला पाहिजे त्याने वाचावं, नको त्याने चुलीत घालावं. मी मराठी चौथी शिकलेला माणूस. चोपड्यात आणि आजूबाजूच्या गावांत पन्नास वर्षं पाडेली म्हणून काम केलं, म्हणजे लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडले. लिहायचा प्रसंग कधी आला नव्हता. चुकलं तर चुकलं.

रविवार, चोपडे

सकाळी नंदाचा फोन आला. नंदा माझी मुलगी. पणजीत सात मजल्यांच्या इमारतीत अगदी वर राहते. दर रविवारी फोन करते, जेवलात काय विचारते, मी होय म्हणतो, संपलं. त्या दिवशी वेगळंच विचारलं.

"बाबा, तुमका उंचार चढूक अजून जमता?"

"कित्या? पणजेत माड लायलंस काय?"

"माड न्हय. छज्जो."

त्यांच्या इमारतीला रंग लावायचं काम चाललं होतं. मागच्या बाजूला सातव्या मजल्यावर जिन्याचं जनेल, म्हणजे खिडकी आहे, त्या जनेलावरच्या सिमेंटच्या छज्ज्यावर एका ससाणीने अंडी घातली होती. रंगारी दोरीच्या झोक्यावर बसून गच्चीवरून खाली उतरतात. ससाणी त्यांच्या डोक्यावर येऊन आपटत होती. एक जण झोक्यावरून घसरला. कमरेला पट्टा होता म्हणून लोंबकळत राहिला आणि वाचला. त्यानंतर त्या बाजूला कोणी जाईना. नंदाचा नवरा विलास इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी. मिटिंगमध्ये कोणी तरी म्हणालं, बांबूने अंडी खाली ढकला. नंदाला ते बघवेना, तेव्हा तिला बाप आठवला.

मला जायचं मन नव्हतं. त्या घरात मी सात महिने पाऊल टाकलं नव्हतं. माझी बायको शेवंती तिथेच वारली, श्रावणात. मीच नेली होती तिला. ती येत नव्हती. कोंबड्या आहेत, विहीर आहे, मी हंयच बरी, म्हणायची. मी म्हटलं डॉक्टर जवळ, मुलगी जवळ, वर जायला लिफ्ट आहे. अंथरुणासकट उचलून गाडीत घातली. बावीस दिवस तिथे काढले तिने. रोज विचारायची, घराकडे कधी जावया? मी म्हणायचो, फाल्यां. उद्या. बावीस वेळा म्हणालो असेन.

तरी पण गेलो. कोणी काम सांगितलं की बरं वाटतं, एवढंच त्याचं कारण.

सोमवार, पणजी

बसचं काय सांगायचं. शिवोलीचा पूल, म्हापसा, गर्दी, तुम्हाला सगळं माहीत आहे. माझ्याकडे काथ्याच्या दोरीचं वेटोळं बघून कंडक्टर म्हणाला, "आजोबा, कोणाक बांधूक चललास?" मी म्हटलं, "तिकीट फाड." पिशवीत सहा नारळ आणि थोडे ओले काजूगर होते. लिफ्ट मध्येच चौथ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, तेवढ्यात पिशवीचा बंद तुटला आणि नारळ बाहेर गडगडत गेले. एक थेट कोणाच्या तरी दारावर आपटला. दार उघडलं, साठीच्या पलीकडची एक बाई बाहेर आली. गळ्यात दुर्बीण. नारळ उचलून माझ्या हातात देत म्हणाली, "तुम्ही नंदाचे बाबा ना? अंडी काढायला आलेले?"

मी म्हटलं, होय.

"मग चहाला नाही बोलावणार," म्हणाली, आणि दार लावलं.

ती टीचरबाई. चौथ्या मजल्यावर एकटी राहते, जन्मभर शाळेत शिकवलं. पुढे तिचं बरंच यायचं आहे म्हणून आताच सांगून ठेवतो.

नंदाने मला त्याच खोलीत झोपायला दिलं. दुसरी खोलीच नाही तर ती तरी काय करणार. पलंग बदलला होता. भिंत तीच होती. शेवंती त्या भिंतीकडे तोंड करून पडायची. मी पिशवी ठेवली आणि बाहेर येऊन बसलो.

संध्याकाळी विलासने जिन्याचं जनेल उघडून दाखवलं. अंग बाहेर काढून मान वर केली की छज्जा दिसतो, हातभर रुंद असेल. त्यावर ती बसली होती. आपली घार असते तेवढी मोठी नाही, पण छाती भरलेली. पाठ काळपट, पोटाला भाजक्या विटेचा रंग, गालांवर काळ्या मिशा. माझ्याकडे बघितलं तर मला वाटलं, हिला माझं सगळं ठाऊक आहे. विलास मागून म्हणाला, "मामा, लांबून बघा हां. डोळे जातले."

मला नवल एकाच गोष्टीचं वाटलं. घरटं नव्हतं. काडी नाही, पान नाही. सिमेंटवर वाऱ्याने आलेली रेती आणि कपच्या, त्यातच छातीने जरा खळगा केलेला, आणि त्यात अंडी. गावात कावळासुद्धा याच्यापेक्षा बरं घर बांधतो. मनात म्हटलं, बाई गरीब आहे.

मंगळवार

पणजीत सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो तो आपल्यासारखाच, सायकलवर भोंगा वाजवत, पण वर कोणी त्याला बघत नाही. दोरीने पिशवी खाली सोडतात, तो उंडे, म्हणजे गोल पाव घालतो, पिशवी वर. माणूस माणसाला भेटायची गरजच नाही. नंदाने पातळभाजी केली होती. दोन उंडे खाल्ले आणि गच्चीवर जाऊन बसलो. काम करायच्या आधी माड खालून बघायचा, ही माझी सवय. कुठे वाळका झाप आहे, कुठे गांधीलमाशा आहेत, ते बघूनच चढायचं.

गच्चीवरून मांडवी दिसते, कॅसिनोच्या बोटी दिसतात. टीचरबाई आधीच एका खुर्चीवर बसली होती. मला बघून उठली नाही. तासाभराने नर आला. मादीपेक्षा लहान. पायात कबूतर. तो छज्ज्यावर उतरलाच नाही, लांबूनच ओरडला. मादी उठली, सरळ त्याच्याखाली उडत गेली, उलटी झाली आणि अधांतरी त्याच्या पायातलं कबूतर आपल्या पायात घेतलं. पन्नास वर्षं मी उंचावर काढली, पण असं कधी बघितलं नव्हतं. ती पाण्याच्या टाकीवर बसून खाऊ लागली. तोवर नर गुपचूप जाऊन अंड्यांवर बसला.

"रोज असंच," टीचरबाई म्हणाली. बोलायचं नव्हतं, पण तिलाही राहवलं नसावं. "महिना झाला. तोच आणतो, आणि ती खाते तेवढा वेळ तोच बसतो. शाहीन म्हणतात यांना. कड्यावरचा पक्षी. तिला ही इमारत म्हणजे कडाच."

"मी काय अंडी फोडूक येवंक नाय," मी म्हटलं. "गच्चीर आणून ठेवतंय. टाकीच्या सावलेत. पेंढो घालून."

"आणि ती येऊन बसेल?"

"बसात. कोंबडी भलत्या जागेर बसली तर आमी काय करतो? टोपल्यात पेंढो घालतो, अंडी घालतो, आडोशाक नेऊन ठेवतो. बसता ती."

"भाऊ, ही कोंबडी नाही."

"आवय ती आवय." आई ती आई, कोंबडी असो की ससाणी.

टीचरबाईने दुर्बीण खाली ठेवली. "दीड महिना ती भिंत सोडा, एवढंच मी कमिटीला सांगते आहे. बाकी सगळी रंगवा. यांना हात लावणं कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगितलं. ऐकत नाहीत. शिमग्याला रंगाऱ्यांच्या मेस्त्रीची माणसं गावी जातील आणि पावसाआधी परत येणार नाहीत, म्हणतात. निदान तुम्ही तरी नाही म्हणा."

मी नाही म्हणालो नाही. जावयासमोर माघार कशी घ्यायची. आणि खरं सांगतो, मला ते पटलेलं होतं. तिच्यापेक्षा मला जास्त कळतं असं वाटत होतं.

दुपारभर पेंढा शोधत फिरलो. पणजीत सोनं मिळेल, पेंढा मिळत नाही. शेवटी बाजारात एका फळवाल्याने आंब्याच्या रिकाम्या पेटीतला दिला. वर विचारलं, "आजोबा, म्हस पोसल्या काय फ्लॅटात?"

बुधवार

ऊन उतरल्यावर करायचं ठरलं. दिगंबर मेस्त्री गच्चीवर दोरी धरून उभा राहिला. तो दोडामार्गचा, रंगाऱ्यांचा मुख्य, पस्तिशीचा गडी. त्याने आपलं हेल्मेट पुढे केलं. मी घेतलं नाही. माडावर कधी हेल्मेट घातलं नाही, म्हटलं.

"आजोबा, माडार नारळ पडता," तो म्हणाला. "हंय नारळ उडून येता."

ते हेल्मेट घेतलं असतं तर हे टाके नसते. कंबरेला दोरी बांधून जनेलातून बाहेर पडलो आणि छज्ज्याच्या कडेवर पंजे रोवले. चार वर्षांत चढलो नव्हतो. ती अंड्यांवरून उठली आणि बाहेर आकाशात गेली. एवढी वर गेली की ठिपका झाली. मी म्हटलं, गेली बरी झाली. पुढचं मला दिसलं नाही. फक्त पोतं फाटल्यासारखा आवाज आला आणि डोक्यात दगड बसला. डोळ्यांत रक्त. खालून नंदा, "बाबा, येवा आत, येवा आत." मी एका हाताने अंडी चाचपली. तीन होती. तांबूस, गरम, भाकरीवर हात ठेवावा तशी गरम. एकेक करून सदऱ्याच्या आत पोटाशी घातली. दुसऱ्यांदा ती आली ती पाठीवर. सदरा टराटरा फाटला.

आत आलो तेव्हा तिन्ही धड होती. एकही तडकलं नव्हतं. मला तेवढ्याचंच कौतुक. वर जाऊन पेंढ्याच्या टोपलीत नीट मांडली, टाकीच्या सावलीत ठेवली. टीचरबाई गच्चीच्या दारात उभी होती. माझ्या कपाळाला आपला रुमाल लावला आणि निघून गेली.

मग नंदा मला दवाखान्यात घेऊन गेली. पाच टाके. घरी येऊन गोळी घेतली आणि त्या भिंतीकडे तोंड करून झोपलो. ती टोपलीवर बसली की नाही ते बघायला गेलोच नाही. बसली असणारच, असं धरून चाललो.

गुरुवार

सकाळी दिगंबर मेस्त्री दारात आला. "आजोबा, ती हंयच आसा हां. छज्ज्यार."

जनेलातून मान काढली. ती त्याच खळग्यात बसली होती. खाली काही नाही, रेती आणि कपच्या. छाती टेकून, पिसं फुलवून. मला बघून ओरडलीसुद्धा नाही. बाजूला एक अख्खं कबूतर पडलं होतं. नराने आणून ठेवलेलं, तिने चोच लावली नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोंबडी आपण टोपलीतून नेतो ते तिला धरून नेतो. पंखाला धरून, अंड्यांवर बसवून, वरून दुसरी टोपली उपडी घालून. म्हणून ती बसते. नुसती अंडी नेली तर कोंबडीसुद्धा जुन्या जागेवरच जाऊन बसते. हे मला माहीत होतं. घरात चाळीस वर्षं कोंबड्या होत्या. या ससाणीला कोण धरणार, कोण नेणार, हे मला एकदाही सुचलं नाही.

गच्चीवर धावलो. अंडी गार होती. शेवंती अंडं कानाला लावून सांगायची, आज फुटेल, उद्या फुटेल, आणि तिचं चुकत नसे. मी पहिलं कानाला लावलं. काही नाही. दुसरं, काही नाही. तिसऱ्यात टकटक होती. बारीक, दोन वेळा, थांबून परत एकदा. आत पिल्लू चोच मारत होतं. दोन दिवस थांबलो असतो तर बाहेर आलं असतं.

ते अंडं काखेत धरलं, दोन कमरेच्या पंच्यात गुंडाळली, आणि खाली आलो. विलास ऑफिसात. फोन केला तर मिटिंगमध्ये. मेस्त्रीला म्हटलं, मी परत चढतो, दोरी धर. नंदा जनेलाच्या आड उभी राहिली.

"नाय."

"पोरगी, बाजूक हो. जित्तं आसा."

"आई गेली ती गेली. आता तुमी पडा, म्हणजे माझा झाला." ती रडत नव्हती. जनेलाची कडी धरून उभी होती. "तुमीच हाडलात तिका हंय. मी सांगलंय का हाडा म्हणून? आता ह्यां. सगळ्यांक उचलून हाडतात तुमी."

तिच्या आईला इथे मी आणली, हे सात महिन्यांत ती बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. मी जिन्यावर बसलो. काखेतलं अंडं मधून मधून काढून कानाला लावत होतो. टकटक लांब लांब होत गेली. बारा वाजता विलासचा फोन आला, तुम्हाला बरं वाटतं तसं करा, म्हणाला. तोवर मी पंधरा वेळा तरी ऐकलं असेल. शेवटच्या तीन वेळा काही नव्हतं.

नंदा स्वयंपाकघरातून आली. मेस्त्री जेवून आला. टीचरबाई खालून आली. तिघं माझ्याकडे बघत होती.

"जित्ती आसत?" मेस्त्रीने विचारलं.

मी म्हटलं, "आसत."

जिवंत आहेत असं का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. नाही म्हटलं असतं तर मेस्त्रीने दुपारी तिथे ब्रश मारला असता. आणि ती तशीच रेतीवर बसून राहिली असती.

मेस्त्री म्हणाला, "मग माका द्या, मी ठेवतंय." झोक्यावरून उतरला. हेल्मेट, वर गोणपाट. ससाणीने त्याला तीनदा मारलं. त्याने अंडी खळग्यात ठेवली आणि हात झटकन काढला. आम्ही जनेलात श्वास धरून उभे. ती दहा मिनिटं आली नाही. मग कडेला उतरली. एक एक पाऊल टाकत आत गेली. चोचीने एक अंडं जरा वळवलं. मग बसली. अंग डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं, आणि नीट बसली.

टीचरबाईने माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाऊ, तुम्ही सुधारलंत," म्हणाली. त्या दिवशी तिने मला चहाला बोलावलं. मी गेलो, दोन बिस्किटं खाल्ली.

शनिवार, परत चोपडे

निघताना नंदा बसस्टँडवर सोडायला आली. बस लागली होती तरी दोघं खाली उभी. ती म्हणाली, "गुरुवारी मी बोललंय ता..."

मी म्हटलं, "खरा बोललंस."

तिने माझ्या सदऱ्याचं बटण लावलं. कंडक्टरने बेल मारली.

इमारतीत आता सगळं टीचरबाईच्या मनासारखं झालं आहे. रंगारी जिवावर उदार होऊन अंडी परत ठेवतो, म्हातारा डोकं फोडून घेतो, असं झाल्यावर कमिटीलाही लाज वाटली. मागची भिंत सोडून दिली. मेस्त्रीची माणसं शिमग्याला गावी गेली. दुसऱ्या मजल्यावरची मुलं शाळेतून आली की टीचरबाईकडे दुर्बीण मागायला जातात, पिल्लं निघाली काय विचारतात. विलासनेसुद्धा एकदा बघितली म्हणे.

मी रोज संध्याकाळी टीचरबाईला फोन करतो. अंडी परत ठेवल्याचा आज अठरावा दिवस. ती म्हणते, "बसलीय हो. हलत नाही. इतके दिवस लागतात का, भाऊ? तुमच्या कोंबड्यांचं काय?" मी म्हणतो, थंडी लागली होती, वेळ लागेल. आधी फाल्यां म्हणायचो, आता हे म्हणतो. हे लिहिलेलं नंदाच्या हातून टीचरबाईपर्यंत जाईल, मला माहीत आहे. जाऊ दे. तोंडावर सांगायला माझी जीभ वळली नाही.

आज फोनवर मीच विचारलं, "नर येता?"

"येतो ना. सकाळी कबूतर आणलं, दुपारी एक पोपट."

"तिणें खाल्लान?"

"खाल्लं. ती खात होती तोवर तो बसला अंड्यांवर."

मी म्हटलं, बरं, आणि फोन ठेवला.